अकराशे मिलिमीटरची बाग

माझ्या वडिलांकडे तीन शब्द शिल्लक आहेत: हो, नाही आणि रिजेक्ट.

अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला, उजवा पाय अर्धामुर्धा गेला आणि शब्दांचं अख्खं गोदाम रिकामं झालं. पण तीस वर्षं कंपनीच्या टूलरूममध्ये तपासनीस म्हणून जो शब्द दिवसातून शंभरदा उच्चारला, तो एकटा खणखणीत राहिला. चहा कोमट आला, रिजेक्ट. टीव्हीवरचा पुढारी, रिजेक्ट. एकदा डॉक्टरांनी वाकून विचारलं, "काका, मी कोण? ओळखलं का?" वडिलांनी त्यांना डोक्यापासून बुटापर्यंत नीट न्याहाळलं आणि निकाल दिला. डॉक्टर हसले खरे, पण जाताना आमच्या दारामागच्या आरशात त्यांनी केस सारखे केले.

तर अशा माणसासाठी मला बाग करायची होती.

आम्ही चिखलीत राहतो. तळमजल्याचं घर, पुढे ओटा, ओट्यापुढे दहा पावलांवर रस्ता आणि रस्त्याच्या पलीकडे बसथांबा. दुपारी दोन वीसला तिथे आकुर्डीच्या कंपनीची बस सेकंड शिफ्टची माणसं न्यायला येते. वडील त्याच कंपनीतून निवृत्त झाले. ते दीड वाजल्यापासून तयार असतात. माझी बायको त्यांचा भांग पाडते, धुतलेला शर्ट घालते आणि हात टेकायची खुर्ची ओट्यावर मांडून त्यांना बसवते. बस आली की ते डावा हात वर करतात. बसमधूनही दोन-चार हात वर होतात. ड्रायव्हर जुना आहे, तो मान हलवतो. दोन मिनिटांत बस निघून जाते. वडील आत येऊन आडवे होतात. हजेरी लागली, दिवस भरला.

या दोन मिनिटांवर त्यांचं सगळं चाललेलं असतं. सणवार, पाहुणे, नातवंडांचे फोन, सगळं त्यानंतर.

अडचण एकच होती. त्याच रस्त्यावरून तळवड्याकडे, चाकणकडे जाणारे टेम्पो आणि डंपरही जातात. उन्हाळ्यात ओटा तव्यासारखा तापायचा आणि धुळीनं वडिलांना खोकल्याची उबळ यायची. डॉक्टर म्हणाले, धुळीत बसवू नका. वडील म्हणाले, नाही. मी बाजारातून हिरवं जाळीचं कापड आणून ओट्याला बांधलं. धूळ थांबली, ऊन थांबलं आणि बसही दिसेनाशी झाली. वडिलांनी त्यांचा तिसरा शब्द इतक्या मोठ्यांदा उच्चारला की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं.

"कुंड्या ठेवा," बायको म्हणाली. "दाट पानांची झाडं. पण ठेंगणी. दादांना वरून रस्ता दिसला पाहिजे." माझ्या वडिलांना आम्ही दोघंही दादाच म्हणतो. "आणि आणखी एक. आपल्याकडे पाणी एक दिवसाआड येतं. रोज तोंड वासून बसणारं झाड मला नको. तोंड वासून बसणारे घरात आधीच दोघं आहेत."

दुसरा कोण, हे मी विचारलं नाही.

कमी पाण्यात कोण तग धरेल? जे इथल्याच मातीत जन्मलं ते, असा मी साधा तर्क केला आणि ऐटीत यादी काढली. सदाफुली, झेंडू, गुलबक्षी. आपली अस्सल देशी मंडळी! मग सहज मोबाइलमध्ये पाहिलं, तर सदाफुली निघाली मादागास्करची, झेंडू मेक्सिकोचा आणि गुलबक्षी थेट दक्षिण अमेरिकेची. मी कपाळावर हात मारला. लहानपणापासून ज्यांना घरचं समजत होतो ते सगळे बोटीतून आलेले पाहुणे.

"मग काय झालं?" बायको भाजी निवडता निवडता म्हणाली. "सदाफुलीला कुणी पाणी घालतं का? गटाराच्या कडेला उगवते ती. आणि तुमचे दादा तरी कुठले इथले? बार्शीहून आले, आकुर्डीत रुजलेच ना?"

"रुजले," मी म्हणालो. "पण त्यांना चहा दिवसातून पाचदा लागतो."

आतून आवाज आला, "रिजेक्ट."

कुणाला उद्देशून, ते आजवर ठरलेलं नाही.

पण मला आता इथलंच झाड हवं होतं. थोडा हट्ट होता, कबूल. थोडं कारणही होतं. इथल्या झाडांवर इथली फुलपाखरं येतात, असं वाचलं होतं. बस दोन मिनिटांची. दीडपासून दोन वीसपर्यंत बसलेल्या माणसाला बघायला काहीतरी हवंच की.

आता प्रश्न उंचीचा. मी स्वतः चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात आहे, म्हणजे वडिलांचाच धंदा. आमच्यात अंदाज हा शब्द शिवीसारखा वापरतात. मी गवंड्याची दोरी आणली. एक टोक वडिलांच्या डोळ्यांशी धरायचं, दुसरं बसच्या खिडकीच्या उंचीवर, आणि ती दोरी ओट्याच्या कडेवरून जिथून जाईल ती आपली मर्यादा. बायकोला मी स्टूल घेऊन रस्त्यापलीकडे, बसथांब्यावर पाठवलं. ती हात उंच करून दोरी धरून उभी राहिली. चार माणसं जमली.

"वहिनी," आमचा शेजारी घाबऱ्या आवाजात म्हणाला, "रस्तारुंदी आली का हो?"

"नाही भाऊजी, सासऱ्यांचं माप चाललंय."

यानं त्याचं समाधान झालं नाही. संध्याकाळी त्यानं आपल्या भिंतीपासून रस्त्यापर्यंत पावलं मोजलेली मी पाहिली.

मापाच्या वेळी वडील काय शोभत होते! शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. छडी गिळल्यासारखे ताठ. हनुवटी वर, नजर समोर. मी फूटपट्टी लावली: फरशीपासून अकराशे मिलिमीटर. त्यात कुंडीचे तीनशे गेले. झाडाला उरले आठशे. मी मोठ्यानं आकडा वाचला, वडील म्हणाले, "हो." आमच्या खात्यात याला मंजुरी म्हणतात.

दुसऱ्या दिवशी मी भंगारातली ॲल्युमिनियमची पट्टी कापून एक गेज बनवलं. गेज म्हणजे फार काही नाही. कारखान्यात एखादा भाग बरोबर मापाचा आहे का ते झटकन बघायचं साधन. त्यात बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. माझ्या पट्टीला आठशेवर आडवा दांडा होता. झाडाचा शेंडा दांड्याला लागला की झाड बाद.

हे शस्त्र घेऊन, कंपनी सुटल्यावर, मी निघोज्याच्या बाजूच्या एका रोपवाटिकेत शिरलो. दोन-तीन गुंठ्यांची जागा, मागे एका कारखान्याची उंचच उंच भिंत. मालकीण साठीच्या आसपासची, नऊवारी खोचलेली, कमरेला मोबाइल. तिचा नवरा बाजेवर बसून सुपारी कातरत होता. मी ओळीनं रोपांना गेज लावत निघालो. ती बराच वेळ बघत राहिली.

"काय पावनं, झाडाला सदरा शिवायचाय का? माप घेताय ते."

"मावशी, हे गेज आहे. याच्या आत बसलं तर झाड पास."

"आनि न्हाई बसलं तर?"

"रिजेक्ट."

"आगं बया! मग एक डाव आमच्या मालकाला लावा की. चाळीस वर्सं झाली, कुनी तपासलंच न्हाई."

बाजेवरची सुपारी कातरायची थांबली आणि पुन्हा सुरू झाली. चाळीस वर्षांचा संसार असा चालतो.

मी निवडलेली सहा रोपं तिनं पाहिली आणि एकेक उचलून परत जागेवर ठेवली. "ही निरगुडी. आज तुमच्या गुडघ्याला हाय. दोन वर्सांनी तुमी तिच्या गुडघ्याला. ह्यो अडुळसा, ह्योबी तसलाच. पावनं, झाडाचं माप रोपावर न्हाई घ्यायचं. त्येच्या आईवर घ्यायचं."

ती मला मागे, कारखान्याच्या भिंतीलगत घेऊन गेली. तिथे जमिनीतच वाढलेली मोठी झाडं होती, ज्यांच्यापासून ती रोपं करते. "आमचं शेत कंपनीत गेलं तवा बांधबी गेला," ती म्हणाली. "बांधावरचं जे हाताला लागलं ते आमी हितं आनलं." तिथे आबोली होती, माझ्या मांडीपर्यंत येणारी, फुलांनी लगडलेली. "ही एवढीच. हिच्या अंगात वर जायचं न्हाईच." पिवळी कोरांटी होती, काटेरी. "हिला छाटली की गप बसती. थंडीत फुलती." आणि एका कडेला जमिनीतून नुकतेच वर आलेले रानहळदीचे हिरवे कोंब. "हिची पानं रुंद, धूळ धरतील. लई वाढली तरी मांडीच्या वर न्हाई जायची. पन पावसाळा सरला की ही खाली जाती, जिमिनीत. कुंडी मोकळी दिसंल. मेली म्हनून फेकू नका."

मी प्रत्येक आईला गेज लावलं. पास, पास, पास.

"पन येवढं माप कुनासाठी?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. बस, थांबा, दोन मिनिटं, डावा हात. माझ्या टोपलीत भरलेल्या आबोलीपैकी दोन काढून तिनं जास्त दाट अशा दोन निवडून ठेवल्या. मग कोरांटीची पिशवी बांधताना म्हणाली, "काट्याची कुंडी बाच्या चांगल्या हाताकडं ठिवू नका. तिकडं आबोली ठिवा. हात लावावासा वाटतो मानसाला."

मी आयुष्यात पुष्कळ तांत्रिक सल्ले ऐकले आहेत. याच्या तोडीचा नाही.

घरी नऊ कुंड्या ओट्याच्या कडेला ओळीनं लावल्या. चार आबोली डाव्या हाताला, तीन कोरांटी उजवीकडे, मधे दोन रानहळद. कुंड्यांतल्या मोकळ्या जागांत तेरड्याचं बी टाकलं. मावशीनं मूठभर असंच दिलं होतं. श्रावणापर्यंत सगळं भरून आलं. रानहळदीची पानं केळीसारखी रुंद झाली आणि त्यांच्यातून गुलाबी तुरा निघाला. तेरडा फुलला. धूळ खरंच पानांवर बसायला लागली; बायको पाण्याच्या दिवशी ती धुवायची. आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी मी गेज घेऊन नऊच्या नऊ कुंड्या तपासायचो. एकाही शेंड्यानं दांड्याला डोकं लावलं नाही. मी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत याच्या इतक्या बढाया मारल्या की लोक डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसू लागले.

एक गोष्ट मात्र माझ्या वाट्याला आली नाही. माझी पहिली शिफ्ट. घरी यायला पाच वाजतात. गुरुवारी मी घरी, तर त्या दिवशी बस नाही. त्यामुळे बागेवरून बस बघणारे वडील मी पाहिलेच नव्हते. बायकोला विचारलं की ती म्हणायची, "चाललंय त्यांचं छान," आणि हसायची. मला वाटायचं, कौतुक माझं आहे.

दसऱ्यानंतरच्या एका गुरुवारी दुपारी बायको तिच्या बहिणीकडे गेली होती. मी वडिलांना ओट्यावर बसवलं. बस नव्हती, पण सवय मोडवत नाही. आबोलीवर एक पिवळं फुलपाखरू आलं. ते दाखवायला मी त्यांच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसलो, माझं तोंड त्यांच्या तोंडाशेजारी आलं, आणि मी समोर पाहिलं.

पानं. नुसती पानं. बसथांबा नाही, रस्ता नाही, डंपरचं टपसुद्धा नाही.

मी वडिलांकडे नीट पाहिलं. ते उजवीकडे कलून, खुर्चीत घसरून बसले होते. रोज असेच बसतात. झटका आल्यापासून असेच बसतात. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी दर वेळी "काका, सरळ बसा, सरळ" म्हणते आणि रिजेक्ट होऊन परत जाते. मग मापाच्या दिवशी ते ताठ कसे होते?

अहो, ऑडिट होतं ना ते!

ज्या माणसानं तीस वर्षं ऑडिट झेलली, त्याच्यासमोर पोरगं फूटपट्टी घेऊन उभं राहिलं तर तो दुसरं काय करणार? ऑडिटच्या दिवशी कारखान्यात फरशी चकाकते, हातमोजे नवे असतात, एरवी फतकल मारून बसणारा माणूस खांबासारखा उभा असतो. त्या दिवसाचं माप रोजचं म्हणून धरू नये, हे आमच्या खात्यात शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं. झाडांनी माप तंतोतंत पाळलं होतं. मावशीनं तर बजावून सांगितलं होतं की माप कुठे घ्यायचं आणि कुठे नाही. मी झाडांच्या आया मोजल्या आणि स्वतःचा बाप चुकीचा मोजला. चार-सहा बोटांनी चुकवला. सगळा पावसाळा हा माणूस दोन वीसला पानांकडे बघत बसला होता आणि सांगायला त्याच्याकडे शब्द नव्हते.

मी आतून मोठी कात्री आणली.

"नाही," वडील म्हणाले.

"दादा, बोलू नका. चूक माझी आहे."

"नाही. नाही! रिजेक्ट!"

"आहेच मी रिजेक्ट," असं म्हणून मी गुडघ्यावर बसलो. कंपनीच्या नाट्यस्पर्धेत मी सलग चार वर्षं तिसऱ्या अंकात मरत आलोय. पश्चात्ताप मला चांगला जमतो. डोळ्यांत पाणी आणून मी आबोलीचे शेंडे उडवले, फुलांसकट. कोरांटी छाटली, बोटांना रक्त निघालं, त्याचंही मला बरं वाटलं. रानहळदीची पानं आडवी कापली. तेरडा उपटला. वडील डाव्या हातानं खुर्चीचा हात थडाथडा आपटत होते. मला वाटलं, भावना अनावर झाल्या आहेत. तेवढं खरं होतं.

शेवटी मी त्यांच्याशेजारी पुन्हा उकिडवा बसून पाहिलं. बसथांबा लख्ख दिसत होता.

बायको रात्री उशिरा आली, मी सकाळी सहाला निघून गेलो. आमच्या खात्यात फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्या दिवशी मी अर्धी रजा घेतली. माझ्या दुरुस्तीचा सोहळा मला डोळ्यांनी बघायचा होता. दोनला घरात शिरलो तर बायको दारातच.

"सकाळपासून सात फोन केले. हे काय करून ठेवलंत?"

"श्शू. बस येऊ दे, मग बोल."

"अहो, ऐका तरी..."

"विंगेत बोलायचं नसतं," मी म्हणालो आणि दाराच्या पडद्याआड उभा राहिलो.

दोन वीस. बस आली. वडील खुर्चीत कलून बसलेले, समोर सगळं मोकळं. ड्रायव्हरनं इकडे पाहिलं. त्याचा हात हॉर्नकडे गेला होता, तो त्यानं मागे घेतला. खिडक्यांतली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एकानं हात वर केला, आजारी माणसाला करतात तसा, हळू. "बरं आहे ना काका?" कुणीतरी म्हणालं. "जपा हं." वडिलांचा डावा हात अर्धाच वर आला. बस वेळेआधीच निघाल्यासारखी वाटली.

वडिलांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रिजेक्टसुद्धा म्हणाले नाहीत.

"आता बोलू?" बायको म्हणाली.

ती वडिलांच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि जे मी एवढे दिवस पाहिलं नव्हतं ते तिनं मला करून दाखवलं. झाडं वाढली तसा श्रावणात रस्ता दिसेनासा झाला. तीही घाबरली होती, मला सांगणारच होती. तेवढ्यात एक दिवस बस आली, ओट्यावर कुणीच दिसेना, म्हणून ड्रायव्हरनं सहज हॉर्न दिला.

"आणि दादांनी डावा हात खुर्चीवर रोवला. आणि उठायला लागले. म्हणजे उठले नाहीत, वर सरकले. पानांतून आधी केस आले. मग कपाळ. मग चष्मा. बसमधलं एक पोरगं ओरडलं, 'आले! काका आले!' टाळ्या पडल्या हो! दुसऱ्या दिवशी पुन्हा हॉर्न. आता तर पोरं मोजतात. एक, दोन, तीन. चष्मा दिसेपर्यंत. एकदा पाचातच आले. एकदा अकरापर्यंत मोजावं लागलं, पण बस थांबली. ती व्यायामवाली म्हणते, काकांची पाठ सुधारली. तिला वाटतं, तिच्या व्यायामानं."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी बजावलं होतं." तिनं ओठांवर बोट ठेवून दाखवलं. "आणि बरोबरच होतं. तुम्ही गेज घेऊन मधे उभे राहिला असता."

मी पायरीवर बसलो. तिसऱ्या अंकात मरणाऱ्या नटाला हे कळू नये! पडदा उघडाच असला तर रंगमंचावर बसलेला म्हातारा हा नुसता बसलेला म्हातारा. लोक त्याला "जपा" म्हणतात. पण पडद्यामागून जो येतो तो प्रवेश करतो. मला वाटलं होतं, माझ्या बापाला बस दिसायला हवी. त्याला बसला दिसायचं होतं, आणि तेही स्वतःच्या जोरावर. मी रस्ता मोकळा केला आणि त्यांचा प्रवेश कापून टाकला.

"आबोली पुन्हा कधी वाढेल?" मी विचारलं.

"आता थंडी. बघा तुम्हीच."

खुर्चीवर टकटक झाली. वडील डाव्या हातानं ओट्याच्या कोपऱ्याकडे दाखवत होते. तिथे पाण्याच्या टाकीच्या बांधकामातल्या उरलेल्या विटा रचून ठेवल्या आहेत. मग त्यांनी दोन बोटं वर केली.

"दोन विटा?"

"हो."

"प्रत्येक कुंडीखाली?"

"हो!"

दोन विटा आडव्या, एकावर एक, म्हणजे दीडशे मिलिमीटर. मी गेज आणून छाटलेली झाडं मोजली. साडेसहाशे. आठशेतून दीडशे गेले होते. म्हणजे काल हा माणूस खुर्ची आपटत असताना, बसल्या जागी, नुसत्या नजरेनं माझी चूक मोजत होता.

रानहळदीच्या जागी पानं तेवढी दाट राहिली नव्हती, म्हणून मी कुंड्या थोड्या जवळ सरकवल्या. नऊ कुंड्या, अठरा विटा हव्यात. अकराच निघाल्या. बाकीच्या सात मागायला मी शेजाऱ्याकडे गेलो. त्यानं दार उघडलं, माझ्या हातातली पट्टी पाहिली आणि त्याचा चेहराच उतरला. "भाऊ, खरं सांगा. आली ना रुंदी?" मी त्याला विटांचं कारण सांगितलं. त्यानं सात विटा स्वतः वाहून आणल्या आणि वर म्हणाला, "अहो, आमच्याकडे रोज दोन वीसला ऐकू येतं. आम्हाला वाटायचं, बसमध्ये कुणाचा वाढदिवस असतो."

शनिवारी मी साहेबांकडे पुन्हा रजा मागितली.

"आता काय?"

"वडिलांचा कार्यक्रम आहे, सर."

"कसला?"

"प्रवेश."

साहेबांना तो शाळेतला वाटला असावा, पण सही केली.

या वेळी मी पडद्यामागे उभा राहिलो नाही. दोनलाच रस्ता ओलांडून बसथांब्यावर, सेकंड शिफ्टच्या पोरांत जाऊन उभा राहिलो. तिथून आमचा ओटा नीट दिसतो. नऊ कुंड्या, विटांवर चढून, खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. मागे कुणीच दिसत नव्हतं.

बस आली. मी पुढून वळसा घालून ओट्याच्या बाजूला, ड्रायव्हरच्या खिडकीशी गेलो. मला ओळखून त्यानं विचारलं, "काका नाहीत का आज?"

"हॉर्न द्या," मी म्हणालो.

त्यानं हॉर्न दिला. पोरं खिडक्यांना लागली. एक. दोन. तीन. पानं हलली. चार. पांढरे केस आले, माझ्या बायकोनं पाडलेल्या भांगासकट. पाच. कपाळ. सहा. सात. आणि कपाळ पुन्हा खाली गेलं.

आठ कुणी म्हणेना. दोन दिवसांत सुटलेली सवय, कालचं दुःख, वय, काय ते कोण जाणे. माझा पाय पुढे पडला होता, जाऊन धरावं म्हणून. ड्रायव्हरनं खिडकीतून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं पुन्हा हॉर्न दिला, अगदी हळू, दार वाजवल्यासारखा.

"आठ," मागून एक पोरगं म्हणालं.

केस. "नऊ." कपाळ. "दहा." आणि मग चष्मा, उन्हात चमकत, आबोलीच्या वर.

"आले!"

मी सगळ्यांत मोठ्यांदा ओरडलो. डावा हात वर झाला, पुरता, कोपरातून सरळ. बस सुटली तरी तो तसाच होता.

मी रस्ता ओलांडून धावत गेलो. काय बोलायचं ते मनात जुळलं होतं. डोळे तर आधीच भरले होते. ओट्यावर पोहोचलो तेव्हा वडील घसरून पुन्हा उजवीकडे कलले होते. कपाळावर घाम, छाती खालीवर होत होती. पण त्यांची नजर माझ्याकडे नव्हती. ती कुंड्यांच्या ओळीवर होती. डावं बोट उचलून त्यांनी चौथ्या कुंडीखालची वरची वीट दाखवली. केसभर तिरकी बसली होती.

"रिजेक्ट," ते म्हणाले.

मी वाकलो आणि वीट सरळ केली.